बंद खोलीतल्या धुळीचे वाचक

८ जानेवारी

वहिनी,

नमस्कार. पायांवर डोकं ठेवतो असं लिहिलं की तुम्ही ‘आधी केस विंचरून या’ म्हणता, म्हणून नुसता नमस्कार.

फोनच करणार होतो. पण फोनवर मी घसा फोडतो, तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं अण्णा मध्येच फोन काढून घेऊन ऐकतात. शिवाय ही गोष्ट फोनवर सांगायची नाही. शिवणाच्या मशीनवरून उठा, बसा आणि सावकाश वाचा.

तुम्हाला माहीत आहे, शहराच्या हवेत किती धूळ आहे ते आमची कचेरी मोजते. परवा साहेबांना हुक्की आली की घराच्या आत किती बसते तेही कळलं पाहिजे. आम्ही ते कधी मोजलेलं नाही. मग दुसऱ्या कुणी मोजून ठेवलंय का ते शोधायचं. संशोधक मंडळी आपली मोजमापं खुल्या साठ्यांत ठेवतात, कुणीही यावं आणि फुकट उतरवून न्यावीत. असे साठे ढिगाने आहेत. एकेक उघडून बघत बसलो तर मी तिथेच निवृत्त होईन. म्हणून आम्ही एक पॅकेज वापरतो, म्हणजे कुणीतरी आधीच घडवून ठेवलेली अवजारांची पेटी समजा. आपण दोन ओळी लिहायच्या. पहिलीत काय हवंय ते, दुसरीत ‘आण’. पेटी सगळे साठे पालथे घालते आणि यादी समोर ठेवते.

मी लिहिलं: घर, खोली, धूळ. यादी आली. तिसऱ्या ओळीवर दादाचं नाव.

शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, “काय झालं? चेहरा का असा?” म्हटलं, काही नाही, ओळखीचे निघाले.

पुढे लिहिलं होतं, ‘राहत्या घरातील एक बंद खोली, अकरा वर्षांची मोजमापं’. म्हणजे आपली मागची खोली. दादा संग्रहालयाच्या नोकरीतून घरी आल्यावर तिथे काचपट्ट्या मांडून बसायचा, ते सगळं त्याने जाण्याआधी साठ्यात नीट लावून ठेवलंय. आणि खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक नावासमोर एक आकडा असतो, आजवर किती वेळा उतरवून घेतलं त्याचा. वरच्या ओळीत कुठल्याशा बड्या विद्यापीठाची धूळ होती, तिला एकोणीस गिऱ्हाइकं. आपल्या दादाला सातशेच्या वर!

अण्णांना सांगा. आयुष्यभर त्याला ‘धूळवाला’ म्हणाले ना? म्हणावं, तुमच्या धूळवाल्या लेकाला जग वाचतंय.

तुमचा,
भाऊजी

---

१५ जानेवारी

भाऊजी,

आशीर्वाद. वयाने तुम्ही मोठे असाल, नात्याने मी मोठी आहे, तेव्हा निमूट घ्या.

पत्र तीनदा वाचलं. सातशे! अहो, ह्या घरात त्या धुळीवरून जेवढी भांडणं झाली तेवढी शेजाऱ्यांशी पाण्यावरून झाली नसतील. मी दिवसभर पडदे शिवायची, कापडाचा भुसा उडायचा, मी झाडायची आणि हे मोजायचे. मागच्या खोलीत केरसुणी नेली तर असे बघायचे जसं काही मी चोरीचा माल हलवतेय. आठवड्यातून एकदा काचपट्टी तराजूवर ठेवायचे आणि श्वास धरून बसायचे. मी म्हणायची, बाकीच्या बायकांचे नवरे दारू पितात, ताशपत्ते खेळतात, ते निदान लोकांना सांगता तरी येतं.

अण्णांना सांगितलं. त्यांना आधी पटेना. पत्र माझ्या हातातून घेऊन भिंगाने वाचलं. मग टोपी घालून बाहेर पडले आणि न्हाव्याकडे जाऊन आले. दाढी सकाळीच झाली होती. आता रोज दुपारी विचारतात, “आज किती?” मला काय ठाऊक आज किती, पण मी आपली म्हणते, वाढलेत हं. हे गेल्यापासून माणूस जेवताना मान वर करत नव्हता, भाऊजी. आता भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगतो. मला ते ऐकून रडूच आलं.

ही सातशे माणसं आहेत तरी कोण? विचारा ना कुणाला. माझ्या जिवाला तेवढंच बरं वाटेल. हे जाताना मला एकच भीती होती, की ह्यांचं सगळं ह्यांच्याबरोबर गेलं.

मागची खोली बंदच आहे. तिचं विशेष काही नाही.

तुमची,
वहिनी

---

२७ जानेवारी

वहिनी,

अण्णांना आजचा आकडा कळवतो, तुमच्या अंदाजपंचे धोरणावर माझा विश्वास नाही. सातशे बत्तीस. आणि एक शोध लागलाय. मी रोज चहाच्या सुट्टीत पेटीला पाठवून आकडा मागवतो. तो रोज वाढतो आणि रोज एकानेच वाढतो. दहा नाहीत, शून्य नाही. म्हणजे सातशे माणसं नसावीत, वहिनी. एकच माणूस असावा. रोज सकाळी येतो, दादाची धूळ उतरवून घेतो, जातो.

मला तर हे सातशेंपेक्षा जास्त आवडलं. सातशे जण काय, चाळून फेकून देतात. पण रोज येणारा? कोण असेल? मी मनात एक म्हातारे प्राध्यापक उभे केलेत, लोकरी टोपीवाले. कचेरीतली मुलगी म्हणते, बाई असेल, आणि तुमच्या दादांवर तिचा जीव असेल. तिला मी काम सांगून वाटेला लावलं.

आमच्या साहेबांनाही आकडे फार पसंत पडले. मी त्यांना फक्त वजनांचा रकाना काढून दिला, बाकीचे वगळले. आमच्या धंद्यात तसंच करतात, यंत्राला आकडेच पचतात. ते म्हणाले, हा माणूस फार काटेकोर दिसतो. मी म्हटलं, घरी चहात साखरसुद्धा चमचा सपाट करून टाकायचा.

साठा सांभाळणाऱ्या बाईंना पत्र टाकलंय. कोण वाचतं ते विचारलंय. उत्तर आलं की कळवतोच.

भाऊजी

---

६ फेब्रुवारी

भाऊजी,

अण्णांचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणतात, जिना बंद. आता त्यांना खाली आणायचं, आणि खाली मोकळी खोली एकच आहे. मी आज-उद्या करत दिवस ढकलतेय. ते वर एकटे झोपून असतात आणि मी हाक मारली की आधी ‘आज किती’ विचारतात. तो एकच माणूस आहे हे सांगितल्यावर म्हणाले, “एक पुरतो. चांगला असला म्हणजे झालं.”

खोली का उघडत नाही ते तुम्हाला म्हणून सांगते. हसायचं नाही आणि कुणाला बोलायचं नाही.

ते कुलूप ह्यांच्या हातचं आहे. दवाखान्यात जायला गाडी दाराशी उभी होती, तरी ह्यांनी खोलीला कुलूप घातलं, फाटकापर्यंत गेले आणि नेहमीसारखे परत आले कुलूप हलवून बघायला. तुम्हाला ठाऊक आहे ती सवय. लग्नाला निघतानासुद्धा म्हणे दोनदा परत आले होते. त्यानंतर त्या कुलपाला मी हात लावलेला नाही.

आणि भाऊजी, आत कुणीतरी आहे.

रोज सकाळी मी चहाचं आधण ठेवते तेव्हा त्या दाराच्या खालच्या फटीतून उजेड येतो. निळसर, पांढुरका. थोडा वेळ असतो, मग जातो. मला ऐकू कमी येतं, म्हणून एकदा दाराला तळवा लावून पाहिला. दार आतून बारीक थरथरत होतं. आपल्या छातीला हात लावल्यावर कळतं ना, तसं. पहिल्या दिवशी हातातलं भांडं पडलं. आता भीती वाटत नाही. उजेड दिसला की मी म्हणते, बसले असतील वजन करत, आणि चहा ओतते. उजेड जाईपर्यंत ओट्याशी उभी राहते. दिवसातला तेवढाच वेळ मला कसली घाई नसते.

वेडी म्हणायचं असेल तर म्हणा. पण मला सांगा, मी अण्णांचा पलंग त्या खोलीत कशी नेऊ? ह्यांना कुठे घालवू?

वहिनी

---

१७ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्हाला वेडी म्हणणारा अजून जन्मायचा आहे.

साठ्याच्या बाईंचं उत्तर आलं. नावं द्यायची नाहीत असा त्यांचा नियम आहे. बरोबरच आहे म्हणा.

एक सहज विचारतो. दादा दवाखान्यात गेला तेव्हा खोलीतला कॉम्प्युटर बंद केला होता का? आणि इतक्यात खोली उघडू नका. मी सुट्टी काढून येतो, मग बघू. अण्णांना तोवर वरच राहू द्या, मी पाठीवर घेऊन खाली आणेन.

आजचा आकडा सातशे त्रेपन्न.

भाऊजी

---

१ मार्च

भाऊजी,

तुम्ही एवढंसं पत्र लिहिलंत तेव्हाच मला कळलं. एरवी तुमची दोन पानं नुसती नमनाला लागतात. त्यात पुन्हा ‘सहज’. लहानपणी तुम्ही ह्यांचं घड्याळ विहिरीत पाडलंत तेव्हाही आधी ‘सहज’ विचारलं होतंत म्हणे, घड्याळाला पाणी चालतं का. हे सांगून सांगून हसायचे.

काय कळलंय तुम्हाला? जे असेल ते लिहा. मी नवरा पोचवून आलेली बाई आहे, कागदाला मी घाबरत नाही.

आणि सुट्टीबिट्टी राहू द्या. अण्णा परवा जिन्यात बसले ते उठेनात. दोन शेजारी बोलवावे लागले. त्यांना खाली आणायचंच आहे. तुमचं पत्र आलं की मी कुलूप काढते, नाही आलं तरी काढते.

वहिनी

---

७ मार्च

वहिनी,

आतापर्यंत चार कागद फाडले. हा पाचवा.

साठ्याच्या बाईंनी नावं दिली नाहीत हे खरं. पण त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली होती, ती मी गिळली. ती अशी, की माझी एक सोडून सगळ्या मागण्या एकाच ठिकाणाहून येतात, एकाच पॅकेजने, रोज ठरलेल्या वेळी. मागणी करताना प्रोग्रॅमला आपली ओळख द्यावी लागते, आपल्याला हवं ते नाव घालता येतं. बाईंनी विचारलं होतं, तिथे घातलेल्या ‘धूळवाला’ ह्या शब्दाचा अर्थ काय होतो?

वहिनी, तो दादा आहे. म्हणजे दादाने लिहिलेला प्रोग्रॅम. पॅकेज मीच त्याला शिकवलं होतं. तेव्हा त्याने विचारलं होतं, “साठ्यात टाकलेलं तिथे आहे की नाही हे ते रोज जाऊन बघेल का?” मी म्हटलं, बघेल की, पाच ओळींचं काम आहे. मी विसरूनही गेलो. त्याने त्या पाच ओळी लिहिल्या. रोज सकाळी त्याचा कॉम्प्युटर आपोआप जागा होतो, पडदा उजळतो, पंखा फिरतो. प्रोग्रॅम साठ्यात जातो, दादाचीच धूळ उतरवून आणतो, घरच्या प्रतीशी ताडून बघतो आणि परत झोपतो. फाटकापर्यंत जाऊन परत यायचं आणि कुलूप हलवून बघायचं, तेच ते.

दाराखालचा तुमचा उजेड आणि माझा लोकरी टोपीवाला प्राध्यापक, दोघं एकाच यंत्रातून निघाले. वाचक कुणी नाही, वहिनी. एकही नाही. हे तुम्हाला मीच कळवावं लागतंय आणि सुरुवातही मीच केली होती.

खोली उघडलीत की कॉम्प्युटर बंद करावाच लागेल, आकडा थांबेल आणि अण्णा विचारतील. माझ्या डोक्यात एक आहे. तोच प्रोग्रॅम मी माझ्याकडून चालवतो. रोज एकाने वाढत राहील. अण्णांना कळायचं कारण नाही. त्यांचं आता किती राहिलंय? तुम्ही हो म्हणा, मी उद्यापासून लावतो.

भाऊजी

---

२० मार्च

भाऊजी,

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत कुलूप काढलं. खुर्ची तशीच होती, थोडी तिरकी, उठून गेल्यासारखी. सगळ्यावर धूळ. मी दारातच उभी राहिले, तेवढ्यात कॉम्प्युटरचा पडदा उजळला. बटणाला कुणी हात लावला नव्हता. भराभर ओळी धावल्या आणि शेवटी एकच ओळ थांबली. ‘आहे. जागेवर आहे.’ ह्यांनीच लिहून ठेवलेली असणार, ह्यांच्याशिवाय असं कोण बोलतं. मी म्हटलं, “हो हो, आहे. चला आता.” आणि बटण दाबून धरलं. पंखा थांबायला वेळ लागला. माझा हात तोवर पेटीवरच होता. गरम होती.

तुमच्यावर राग नाही. पण तुमचा तो प्रोग्रॅम लावायचा नाही, सांगून ठेवते. सातशे वेळा आपलाच माणूस आपल्याच दारात येऊन गेला, ते पुरे झालं. ह्यांना वाचक हवा होता, राखणदार नव्हे. तुम्ही तरी वाचलंत का कधी? वजनांचा रकाना साहेबांना दिलात म्हणता. बाकीच्या रकान्यांत काय आहे?

अण्णांना मी खरं तेच सांगितलं. लपवलं असतं तर रोज दुपारी त्यांच्या तोंडाकडे बघवलं नसतं. ते भिंतीकडे वळून पडले. त्यांना खाली आणलंय, पलंग मागच्या खोलीतच लावलाय, पण त्या दिवसापासून ‘आज किती’ विचारत नाहीत. जेवणही पुन्हा चिमणीएवढं झालंय. सकाळी मला आता आधण ठेवायला उगाच उशीर होतो.

वहिनी

---

२ एप्रिल

वहिनी,

वाचलं. सगळं वाचलं. दोन रविवार आणि मधले सगळे दिवस.

वजनाच्या शेजारी एक शेऱ्याचा रकाना आहे. तोच मी वगळला होता. तारीख, वजन आणि शेरा, अकरा वर्षं. तुम्हाला वाटतं तुम्ही दादाच्या खोलीत जात नव्हता. तुम्ही त्या खोलीत रोज होता. बघा:

‘धूळ निळसर. तिचं शाळेच्या पडद्यांचं काम सुरू.’
‘धूळ लाल, बारीक. मखमल. ती रात्रंदिवस मशीनवर.’
‘वजन फार कमी. मशीन बंद. तिला ताप आहे.’
‘अजून कमी.’
‘वाढलं. बरी झाली.’

ह्याच्यापुढे मला वाचता येईना. खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. अकरा वर्षं मी त्याला फोनवर विचारायचो, ‘काय रे, किती धूळ जमली?’ आणि तो म्हणायचा, ‘बरी चाललीय.’ मला वाटायचं, धुळीचं सांगतोय.

सगळं छापून सोबत पाठवतोय, मोठ्या अक्षरात. अण्णांनी विचारलं तर आकडा सांगा: एक. खरा. नाव विचारलं तर सांगा, धाकटा.

एका पानाला दोरा बांधलाय. तिथला शेरा अण्णांविषयी आहे. तो वाचून दाखवायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. माझी हिंमत झाली नसती.

भाऊजी

---

१४ एप्रिल

भाऊजी,

आशीर्वाद, आणि ह्या खेपेला मनापासून.

माझं मी एकटीने वाचलं. मशीनवर डोकं टेकून बसले होते. ताप आला होता तेव्हा हे मला एका शब्दाने काही बोलले नव्हते. मी ते मनात धरून होते, अगदी दवाखान्यापर्यंत. आता कुणाशी भांडू?

अण्णांना रोज थोडं वाचून दाखवते. मी खुर्चीत बसत नाही, स्टूल घेते. पहिल्या दिवशी ते भिंतीकडेच वळलेले होते. मी तारीख वाचली, वजन वाचलं, शेरा वाचला. दुसऱ्या दिवशी कूस बदलली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “एवढ्याशा धुळीचं वजन करायचा? तराजू कुणाचा होता?” म्हटलं, संग्रहालयाचा, जुना. म्हणाले, “हं.”

काल दोऱ्याचं पान आलं. मी थांबले. त्यांनी विचारलं, “काय झालं?” तुम्ही ठरवा म्हणालात, पण ठरवायला वेळच मिळाला नाही. वाचलं:

‘अण्णा आत आले. बराच वेळ पाठीशी उभे होते. काही न बोलता गेले. दार उघडं राहिलं. आजचं वजन धरू नये.’

 मला वाटलं, वाचायला नको होतं. मग अण्णा बोलायला लागले. “मी बोलायलाच गेलो होतो गं. संग्रहालयाचे मोठे साहेब मला रस्त्यात भेटले होते. म्हणाले, तुमच्या मुलासारखा माणूस आमच्याकडे दुसरा नाही. म्हटलं, जाऊन सांगावं. आत गेलो तर हा श्वास धरून बसलेला, त्या काचेपुढे. बोललो असतो तर धूळ उडाली असती. म्हटलं, होऊ दे ह्याचं, मग सांगू. उभा राहिलो, उभा राहिलो. पाय दुखायला लागले. निघून आलो. मग राहिलं ते राहिलंच.”

मी म्हटलं, अण्णा, त्यांना कळलं असेल. ते माझ्यावर खेकसले, “कसं कळेल? सांगितल्याशिवाय कसं कळेल?”

मग हाताने मला थांबवलं, कोपरावर भार देऊन उठून बसले आणि टेबलाकडे तोंड करून म्हणाले, “चांगलं केलंस रे. फार चांगलं केलंस.” इतक्या मोठ्याने म्हणाले की मला हात कानाशी न्यावा लागला नाही. टेबलावरची धूळ मी अजून झाडलेली नाही, भाऊजी. खिडकीतून ऊन येत होतं. ती थोडी उठली, उन्हात फिरली आणि पुन्हा बसली. आम्ही दोघं ती बसेपर्यंत बघत होतो. खुर्चीत कुणी नव्हतं. मी दोनदा पाहिलं.

मग अण्णा आडवे झाले, पांघरूण ओढून घेतलं आणि म्हणाले, “हं. पुढचं वाच.”

तुमची,
वहिनी